गुडघा बदलून पाच आठवडे झाले, आईचा पाय ८० अंशांच्या पुढं वाकेना

प्रश्न: औसा तालुका

नमस्कार. माझी आई, वय ६४. दसऱ्यानंतर लातूरला उजवा गुडघा बदलला. टाके निघाले, जखम कोरडी आहे, ताप नाही. वॉकर धरून घरातल्या घरात चालायली. पण पाय वाकेना. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात, त्यांनी परवा मोजलं तर ८० अंश. सरळ करायला गेलं तरी थोडा वाकडाच राहतो.

व्यायाम म्हटलं की आई रडायली. रात्री झोप नाही. मला बघवत नाही म्हणून मीच गुडघ्याखाली उशी देतो, तेवढंच तिला बरं वाटतं. शेजारच्या बाया म्हणतात तेल लावून चोळा, विटकरीनं शेका. आमचं घर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं, दारात दोन उंच पायऱ्या आहेत. ऑपरेशन झाल्यापासून ती उंबऱ्याच्या बाहेर नाही.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला, जायचं एवढंच तिच्या डोक्यात आहे. एकही वर्ष चुकलेलं नाही. पाय असाच राहणार का? ऑपरेशनला मीच हट्ट धरला होता, म्हणून जास्त लागायलंय.

उत्तर: निवृत्त बाई, लातूर

बाळा, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डावा जानेवारी २०१८ मध्ये, उजवा त्याच वर्षी दिवाळीनंतर. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं फळ्यापुढं उभी राहिले. गुडघे झिजलेलेच होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर घागरी चढवत होते. त्यानंतर जिना उतरताना कठडा धरून रडायची. तरी दीड वर्ष टाळलं. एकानं दिलेल्या बिननावाच्या पुड्या खाल्ल्या. आठ दिवसांत दुखणं गेलं, पण तोंड सुजलं आणि साखर चढली. पुडीत स्टेरॉईड असणार, हे डॉक्टरांनी तोंड बघूनच ओळखलं. तू हट्ट धरलास ते बरं केलंस.

तुझ्या लिहिण्यातली एकच गोष्ट मला खटकली. उशी.

ती उशी आजच काढ. मलाही माझ्या सुनेनं मायेनंच दिली होती. गुडघा थोडा वाकलेला असला की आतला ताण कमी होतो, म्हणून बरं वाटतं. पण तसाच ठेवला तर मागच्या शिरा आखडतात आणि पाय वाकडाच बसतो. मग माणूस लंगडतं, मांडी लवकर थकते, कंबर धरते. वाकणं पुढं कितीतरी महिने सुधारत राहतं. सरळ होणं मात्र आत्ताच मिळवावं लागतं. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यायची, गुडघा अधांतरी ठेवायचा. टॉवेलची गुंडाळी पुरते. पहिल्यांदा दोन मिनिटं, मग पाच, मग दहा.

दुखण्याची गोळी डॉक्टरांनी लिहिली असेल तर व्यायामाआधी अर्धा तास द्यायची. आम्ही बाया गोळी वाचवतो, जास्त दुखेल तेव्हासाठी. त्यात व्यायाम बुडतो. व्यायाम झाला की फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. विटकर नको. गुडघा अजून आतून गरमच आहे, सूज आणखी वाढेल. चोळायचं तर मुळीच नाही.

वाकण्यासाठी मी काय केलं ते सांगते. घरात शहाबादी फरशी. खुर्चीवर बसायचं, पाऊल जमिनीवरून मागं सरकवत न्यायचं, जिथं थांबेल तिथं मोजून पाच श्वास धरायचं. मग सून अंगठ्यापुढं खडूनं रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघेच्या मागं गेलं की नवी रेघ. कधी चार दिवस रेघ हलायची नाही, कधी एका दिवसात बोटभर मागं. अंश मला कळत नव्हते, रेघ कळत होती. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. फिजिओ दोनदा येतात, बाकीचे पाच दिवस तुमचेच आहेत.

पायऱ्यांना भिऊ नका. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. तुम्ही तिच्या एक पायरी खाली उभं राहा. काठी आली की ती डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या उलट्या बाजूला. आमच्या घरातले सगळे उजव्या हातातच द्यायला बघत होते.

जखमेच्या बाहेरच्या अंगाला बधिर लागेल, चालताना टकटक आवाज येईल. मी त्यानंच जास्त घाबरले होते. दोन्ही होतं. आवाजासोबत दुखत नसेल तर काळजी नको.

आणि रात्रीचं रडणं. पहिले दोन महिने मीही रडले. आईला सांग, एका बाईनं सांगितलंय, ते थांबतं.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, नांदेड

बाईंनी सांगितलेलं बरोबर आहे. थोडी भर घालतो. सपाट चालायला साधारण ६५ अंश लागतात, पायऱ्यांना ८५ च्या आसपास, खुर्चीतून आधाराशिवाय उठायला ९५ ते १०५. म्हणजे ८० वर आई चालेल, पण उठताना हात टेकावे लागतील.

सहा आठवड्यांच्या तपासणीलाही ९० झाले नाहीत तर सर्जनशी स्पष्ट बोला. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करता येतो, पण त्याचा उपयोग पहिल्या तीन महिन्यांत जास्त. संक्रांतीनंतर बघू असं करू नका.

पोटरी एकदम सुजली, दाबल्यावर दुखली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता

काल रात्रीच उशी काढली. आई रागावली, बोलली नाही. सकाळी टाचेखाली टॉवेल ठेवला, तीन मिनिटं झाली. खडू पोरीच्या दप्तरातून घेतला. पहिली रेघ पोरीनंच मारली आणि बाजूला तारीख लिहिली. संध्याकाळी दोघं धरून दोन पायऱ्या उतरवल्या. आई अंगणात खुर्चीवर बसली, गायीला हाक मारली.

बाई, आईनं एक विचारायला सांगितलंय. तुम्हाला आता मांडी घालून बसता येतं का?

निवृत्त बाई, लातूर

नाही. माझ्या डॉक्टरांनी मांडी आणि उकिडवं बसणं दोन्ही बंद केलंय, संडासातही कमोडच. पहिल्या वर्षी पंगतीला सगळे खाली आणि मी खुर्चीवर, फार जिवावर यायचं. आईला हे आत्ताच खरं सांग.

येळवसेला बैलगाडी नको, गचके बसतील. बांधापर्यंत रिक्षा, तिथून काठी आणि तुझा खांदा. ढेकळांतून नको, पायवाटेनंच. पूजेच्या कडब्याच्या कोपीपुढं हात असलेली खुर्ची टाक. पूजा सूनबाई करेल, आंबील मात्र आईच्या हातानं शिंपडू दे, उभ्यानं येतं ते. त्या दिवशीची मिसळभाजी, आपली भज्जी, कशी झाली होती तेही मला कळव.