डबस्टेपमधून सब-बेस काढला तर उरतं काय?

मंद्रसप्तक:
2010 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या स्क्रिलेक्सचं 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' आलं, 2012 च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळाली, आणि डबस्टेप हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार म्हणजे ड्रॉप (ताण वाढवून अचानक फुटणारा भाग) पडल्यावर किंचाळणारं यंत्र अशी व्याख्या होऊन बसली. आपल्याकडे बहुतेकांनी हा प्रकार ऐकला तोच तिथून पुढे. माझं मत असं की ते संगीत टाकाऊ नाही, पण त्याला डबस्टेप म्हणणं चूक आहे.

मूळ माल दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा. तिथल्या बिग ॲपल रेकॉर्ड्स या दुकानाभोवती हॅचा, स्क्रीम, बेंगा ही मंडळी जमली. टू-स्टेप गराज हा नाचाच्या संगीताचा प्रकार तेव्हा 130 ते 135 बीपीएमला (मिनिटाला तेवढ्या मात्रा) चालायचा. त्यातलं गायन काढलं, ठेका मोकळा केला आणि वेग 140 च्या आसपास येऊन थांबला. खरी गंमत ड्रममध्ये आहे. मोजायचं 140, पण चार मात्रांत स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) एकदाच, तिसऱ्या मात्रेवर. त्यामुळे कानाला लय 70 वाटते. तबल्यावर ठेका ठाय लयीत ठेवून वर दुगुन वाजत राहावी, तसं काहीसं. एका स्नेअरपासून दुसऱ्यापर्यंत 1.7 सेकंद मोकळे मिळतात आणि ती जागा सब-बेसची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची: साधी साइन वेव्ह (गुळगुळीत शुद्ध लहर), 40 ते 60 हर्ट्झ, लांब धरलेला सूर.

शोरडिचच्या प्लास्टिक पीपल क्लबमधली 'फॉरवर्ड' रात्र आणि 2005 पासून ब्रिक्स्टनमध्ये माला, कोकी, लोफा यांनी चालवलेली 'डीएमझेड' रात्र, हे संगीत त्या खोल्यांतल्या स्पीकरांसाठी घडलं. नंतरच्या अवतारात सगळा जीव 200 हर्ट्झ ते 4 किलोहर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात (मिड-रेंज) वाजणाऱ्या सिंथमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरयंत्रात, आला. मोकळी जागाही भरून टाकली. तो सिंथ म्यूट करा आणि काय शिल्लक राहतं ते ऐका.

करवत:
असहमत. सिंथ म्यूट केल्यावर काय उरतं ही कसोटीच विचित्र आहे. डीएमझेडवाल्या माला या तुमच्या माणसाच्या ट्रॅकमधला सब म्यूट केला तर कोण उभं राहणार आहे?

आणि किंचाळणं अमेरिकेतून आलं हा समज आधी सोडा. कोकीचं 'स्पंजबॉब' 2007 चं, खुद्द डीएमझेड लेबलवरचं. त्याच वर्षी कॅस्पा आणि रस्को यांचा 'फॅब्रिकलाइव्ह 37' हा मिक्स आला. दोन्ही लंडनचे, दोन्हीत मिड-रेंज भरपूर. म्हणजे तुम्ही ज्याला बाहेरचा रोग म्हणताय तो घरातच वाढलेला मुलगा आहे.

वॉबल, म्हणजे हा डुलता बेस, तरी काय? लो-पास फिल्टरचा (वरचे स्वर अडवणाऱ्या गाळणीचा) कटऑफ एलएफओनं, म्हणजे हळू हेलकावणाऱ्या लहरीनं, वरखाली करायचा आणि एलएफओ ठेक्याला बांधायचा. 140 बीपीएमला एक मात्रा 428.6 मिलिसेकंदांची. एलएफओ पाव नोटला (एका मात्रेला) ठेवला तर 2.33 हर्ट्झ, आठवीला 4.67, आठवीच्या ट्रिप्लेटला बरोबर 7, सोळावीला 9.33. हे आकडे बारभर (चार मात्रांच्या आवर्तनात) बदलत नेणं हीच त्या संगीतातली लयकारी. तिला गोंगाट म्हणणाऱ्यांनी एकदा कागदावर मांडून बघावं.

थाळीफिरव्या:
डीजेच्या बाजूनं दोन गोष्टी.

पहिली, बीपीएम. मिक्सिंगची सॉफ्टवेअर स्नेअर मोजतात आणि अर्ध्या डबस्टेपला 70 लिहून मोकळी होतात. लायब्ररीत 70 आणि 140 अशी सरमिसळ झाली की वेग जुळवणारं सिंक बटण एका ट्रॅकला दुप्पट वेगानं पळवतं. नवीन फायली भरल्या भरल्या विश्लेषणाची मर्यादा 100 ते 180 अशी करून घ्या. मग 70 दिसतच नाही. ग्राइम हा लंडनचा रॅपचा प्रकारही 140 चाच असल्यानं दोन्ही सहज मिसळतात. ड्रम अँड बेस हा वेगवान प्रकार 174 चा, तो थेट जोडायला गेलात तर हात पोळतात.

दुसरी गोष्ट रचनेची. जुन्या ट्रॅकमध्ये सुरुवातीला नुसत्या ड्रमचे 32 बार सहज सापडतात. दोन ट्रॅक मिनिटभर एकावर एक चालवता येतात, फक्त एकाचा बेस ईक्यूवरून (स्वरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या बटणांवरून) पूर्ण खाली ठेवायचा. दोन सब एकत्र वाजले की कुठे एकमेकांना खातात, कुठे दुप्पट होतात. 2010 नंतरचे ट्रॅक ड्रॉप ते ड्रॉप बांधलेले असतात. दर 16 बारांनी नवीन आवाज, त्यामुळे लांब मिक्स करायला जागाच नाही, झटपट कट मारावे लागतात. माझ्या लेखी खरा फरक इथे पडला. सब किती आहे हा पुढचा प्रश्न.

मंद्रसप्तक:
थाळीफिरव्या, रचनेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यात डबप्लेटची, म्हणजे एकेकट्या कापून घेतलेल्या तबकडीची, भर घाला. नवा ट्रॅक झाला की ही मंडळी तो तबकड्या कापणाऱ्या ट्रान्झिशन स्टुडिओत नेऊन ॲसिटेटच्या तबकडीवर कापून घ्यायची. ही तबकडी मऊ, काही डझन वेळा वाजवली की वरचे स्वर झिजायला लागतात. शिवाय कापताना बेस मोनोच (दोन्ही बाजूंना एकसारखा) हवा. डाव्या-उजव्या बाजूला वेगळा बेस गेला की खाच वरखाली होते आणि सुई उडते. या अडचणीनंच त्यांना शिस्त लावली: 100 हर्ट्झच्या खाली सगळं मध्यभागी, एका वेळी एकच सूर. फायलींच्या काळात ते बंधन सुटलं आणि बेसवर कोरस, वायडनर असे आवाज पसरवणारे इफेक्ट, वाट्टेल ते चढलं.

करवत, 'स्पंजबॉब'चं उदाहरण बरोबर आहे. पण त्याच लेबलवर माला याचंही काम होतं. एका कोकीवरून अख्खी डीएमझेड ठरत नाही.

दहाबायबारा:
दोघेही मोठ्या स्पीकरांवर बोलताय. हे बनवतात कुठे? बहुतेक जण दहा बाय बाराच्या खोलीत. तिथे सब-बेसबद्दल मत बनवणंच धोक्याचं आहे, ते का सांगतो.

12 फूट म्हणजे 3.66 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधला पहिला मोड, म्हणजे खोली ज्या सुराला घुमते ती वारंवारता, काढायचा तर ध्वनीचा वेग 343 भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे जवळपास 47 हर्ट्झ. 10 फुटांच्या बाजूचा 56. डबस्टेपचे लाडके सूर बघा: ई 41.2, एफ 43.7, एफ शार्प 46.2, जी 49. म्हणजे खोलीचा मोड नेमका तुमच्या बेसलाइनच्या मधोमध. एफ शार्प भिंतीपाशी घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होतो, कारण पहिल्या मोडचा दाब मध्यावर शून्याच्या जवळ असतो. खुर्ची मध्यावर ठेवून मिक्स करणारा माणूस सब ऐकू येत नाही म्हणून 4 ते 6 डेसिबल वाढवतो आणि क्लबमध्ये गेल्यावर ट्रॅक चिखल होतो. 'मला सब फार लागतो' किंवा 'सब काही कामाचा नाही' ही दोन्ही मतं कित्येकदा खुर्चीच्या जागेवरून ठरलेली असतात.

उपाय स्वस्त आहेत. खुर्ची लांबीच्या 38 टक्क्यांवर, म्हणजे समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. स्पीकर आखूड भिंतीला, दोन्ही बाजूंना सारखं अंतर. कोपऱ्यात जाड रॉकवूलचे पॅनल, भिंतीपासून थोडे सुटे. अंड्याचे ट्रे कृपया नकोत, ते या पट्ट्यात काहीही करत नाहीत. सबची पातळी ठरवताना स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि बंद हेडफोन, दोन्हींची साक्ष काढायची.

करवत:
दहाबायबारा, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. आणि त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे 40 हर्ट्झ वाजवणारी वस्तूच नाही. फोनचा स्पीकर 200-300 हर्ट्झच्या खाली जवळपास मुका. अशा माणसाला शुद्ध साइन दिली तर त्याला ड्रम आणि शांतता एवढंच मिळतं. 50 हर्ट्झच्या सुराला सॅच्युरेशननं (हलक्या विकृतीनं) 100, 150, 200, 250 अशी हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, दिली की वरची दोन-तीन ऐकून मेंदू मूळ 50 स्वतःच भरून काढतो. मिड-रेंजकडे जाण्यात सवंगपणा किती आणि व्यवहार किती, हे एकदा बघा तरी.

बरं, हस्तकौशल्याचं बोलू. ग्रोल, म्हणजे सिंथचा गुरगुरणारा आवाज, बनवायची साधी वाट: एका साइन ऑसिलेटरनं (लहर निर्माण करणाऱ्या भागानं) दुसऱ्याला फ्रीक्वेन्सी मॉड्युलेट करायचं, म्हणजे त्याची वारंवारता हलवायची, गुणोत्तर 1:1 किंवा 1:2. मॉड्युलेशनची मात्रा एलएफओवर द्यायची. पुढे फॉर्मंट फिल्टर, म्हणजे 'आ', 'ओ', 'ई' असे स्वर उमटतात. मग डिस्टॉर्शन, मग मल्टिबँड कॉम्प्रेसर (पट्ट्यापट्ट्यानं आवाज दाबणारा). हे सगळं ऑडिओ म्हणून बाउन्स (रेकॉर्ड) करून पुन्हा सॅम्पलरमध्ये, सूर बदलून, परत तीच साखळी. दोन-तीन फेऱ्यांत मूळ साइन ओळखू येत नाही.

बिघडतं कुठे? प्रत्येक फेरीत 200 ते 500 हर्ट्झमध्ये गाळ साठतो आणि 3-4 किलोहर्ट्झला कान चिरणारं टोक येतं, ते दर फेरीला ईक्यूनं छाटलं नाही तर शेवटी काहीच वाचत नाही. डिस्टॉर्शनवर ओव्हरसॅम्पलिंग किमान चौपट, नाहीतर एलियासिंगची (डिजिटल विकृतीची) खरखर बसते. एलएफओ प्रत्येक नोटला रीट्रिगर (नव्यानं सुरू) हवा. मोकळा सोडला तर एकच नोट दर वेळी वेगळी सुरू होते आणि ड्रॉप ढिला वाटतो. आणि सब या साखळीत कधीच घालायचा नाही. ग्रोलला 120 हर्ट्झवर हाय-पास (खालचे स्वर छाटणारी गाळणी), 24 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह, खाली वेगळा साइनचा थर, मोनो. मंद्रसप्तक, चांगल्या ब्रोस्टेपमध्ये, म्हणजे या किंचाळणाऱ्या प्रकारात, सब असतोच. तो तुमच्यासारखा चार बार धरून बसत नाही, एवढंच.

मंद्रसप्तक:
सब असतो, पण त्याला उमलायला वेळ मिळत नाही. 40 हर्ट्झची एक लहर 25 मिलिसेकंदांची आणि हवेत साडेआठ मीटर लांब. सोळावी नोट 107 मिलिसेकंदांची, म्हणजे जेमतेम चार लहरी. तेवढ्यात कानाला सूर नीट कळत नाही, नुसता धक्का कळतो.

आणि लाउडनेसचं काय? असे कित्येक मास्टर (अंतिम मिक्स) एकात्मिक उणे 6 लफ्सच्या (सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास दाबलेले असतात. स्पॉटिफाय उणे 14 ला आणतं, म्हणजे 8 डेसिबल खाली खेचतं. मग मोकळं ठेवलेलं जुनं मास्टर आणि हे नवं शेजारी वाजवलं की नवंच बारीक आणि सपाट लागतं, कारण त्याचे ट्रान्झिएंट (आघातांची तीक्ष्ण टोकं) आधीच कापलेले असतात.

शेजारधर्म:
थोडं अवांतर. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर मोजमाप होतं ते डेसिबल ए मध्ये. ए-वेटिंग, म्हणजे खालचे स्वर कमी धरून मोजण्याची पद्धत, 50 हर्ट्झला जवळपास 30 डेसिबल वजा करतं. म्हणजे नुसता 50 हर्ट्झचा सूर 105 डेसिबलनं वाजला तर मीटर 75 दाखवतो, आणि तोच सूर भिंतीतून पलीकडच्या घरात जातो, कारण विटांची भिंत वरचे स्वर अडवते, खालचे फारसे नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ए आहे. सब-बेसची थोरवी गाताना खालचे स्वर फारसे न वगळणाऱ्या सी-वेटिंगचाही उल्लेख व्हावा.

थाळीफिरव्या:
शेजारधर्म, मुद्दा रास्त, पण त्यावर वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं की रात्र पुरणार नाही.

मूळ वादाकडे. मंद्रसप्तक, तुमच्या व्याख्येत लंडनचा संगीतकार बरिअल बसतो का? त्याचा अल्बम 'अनट्रू', 2007, हायपरडब लेबल. ड्रम ग्रिडवर नाहीत, साउंड फोर्ज या ध्वनी-संपादकात डोळ्यांनी जागा बघून बसवलेले. ठेका गराजचा, सूर मानवी आवाजांचे तुकडे करून. क्लबच्या सबपेक्षा त्यात पावसाचा आणि रेकॉर्डचा खरखराट जास्त लक्षात राहतो. तरी कोणीही त्याला डबस्टेपबाहेर काढत नाही.

मंद्रसप्तक:
बसतो, जागेमुळे. दोन आघातांमधली मोकळीक तिथे आहे. सब हा त्या मोकळिकीचा एक उपयोग, बरिअलनं दुसरा केला. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे दोन्ही एकात बांधलं गेलं, ते सुटं करतो. मला आक्षेप आहे तो भरून टाकण्यावर.

करवत:
मग शीर्षक बदला! 'जागा काढली तर उरतं काय' असा धागा असता तर मी निम्मा तुमच्याच बाजूनं लिहिला असता. रिडिम या डबस्टेपच्या उपप्रकारातले लोक तेच करतायत: 140 ते 150 बीपीएम, एकच ग्रोल, तीन आघात आणि मध्ये संपूर्ण शांतता. त्यांचा प्रोजेक्ट उघडून बघितलात तर दहा-बारा ट्रॅकसुद्धा नसतात.

दहाबायबारा:
रिडिममध्ये ती शांतता खरी ठेवायची असेल तर रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) शेपट्या गेटनं कापा आणि मास्टरचा लिमिटर (टोकं दाबणारा) तपासा. त्याचा रिलीज, म्हणजे दाब सोडण्याचा वेळ, 300 मिलिसेकंदांच्या वर गेला तर आघातानंतरच्या मोकळ्या भागात मागचा नॉइज हळूहळू वर चढताना ऐकू येतो. 50 ते 80 ला आणा.