टीव्हीवरचे राजकीय विश्लेषक: कल आणि अप्रामाणिकपणा वेगळे कसे मोजायचे?

कोरीवही:
टीव्हीवरच्या पाच-सहा राजकीय विश्लेषकांची नोंद ठेवायची आहे. कोण कुठल्या बाजूचा ते दोन कार्यक्रमांत कळतं, तो प्रश्नच नाही. पण कल असूनही माणूस खरं बोलतोय की नुसती पक्षाची तळी उचलतोय, हे ओळखायची काही पद्धत आहे का? रकाने कोणते ठेवू, नोंदी किती लागतील? 'सगळे विकले गेलेत' हे उत्तर कृपया नको.

दुहेरी टाका:
कल असणं हा दोष नाही. माप दोन्हीकडे एकच आहे का, एवढं बघा. त्यासाठी जोड्या लावायच्या: कृती तीच, सत्ता उलट. अमेरिकेत अशी एक जोडी जवळजवळ तयारच मिळते. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट (संसदेचं वरचं सभागृह) मंजूर करतं. १३ फेब्रुवारी २०१६ ला त्या न्यायालयाचे न्या. स्कालिया वारले. डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने निवडणुकीचं वर्ष म्हणून सुनावणीच घेतली नाही. १८ सप्टेंबर २०२० ला त्याच न्यायालयाच्या न्या. गिन्सबर्ग गेल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन ट्रम्प होते, आणि त्याच पक्षाच्या सिनेटने २६ ऑक्टोबरला एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक मंजूर केली. मतदानाला आठ दिवस होते. आता एकाच विश्लेषकाची दोन्ही वेळची रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐका.

इथे एक गोम आहे. २०२० मध्ये बॅरेट यांच्या नेमणुकीच्या समर्थकांनी अपवाद सांगितला: राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट वेगवेगळ्या पक्षांचे असतील तरच 'निवडणुकीच्या वर्षात नेमणूक नाही' हा नियम. हा अपवाद त्या विश्लेषकाने २०१६ मध्येही सांगितला होता का? असेल तर तो सुसंगत आहे, तुम्हाला पटो न पटो. नंतर सुचला असेल तर लाल शेरा. समोरच्या बाजूलाही हेच लावा. २०१६ मध्ये 'सुनावणी घेणं सिनेटचं कर्तव्यच' म्हणणारे २०२० मध्ये 'थांबा' म्हणत असतील, तर तपासा. 'तुम्हीच पाडलेला पायंडा पाळा' हा युक्तिवाद मात्र वेगळा आहे, त्याला सरसकट कोलांटउडी म्हणू नका.

नोंद पूर्ण कार्यक्रमावरूनच करा. व्हायरल तुकड्यात 'पण'च्या पुढचं वाक्य हमखास कापलेलं असतं.

शून्य पूर्णांक:
वरचं बरोबर, पण जोड्या वर्षाकाठी दोन-तीनच मिळतात. भाकितं रोज मिळतात. ती ब्रायर गुणांकाने मोजा (१९५० पासूनची पद्धत, हवामान अंदाजासाठी काढलेली): सांगितलेल्या शक्यतेतून निकाल वजा करायचा (घडलं तर १, नाही तर ०) आणि वर्ग करायचा. विश्लेषक म्हणाला 'बहुधा जिंकतील', त्याला ०.८ धरलं. जिंकले तर (०.८ − १)² = ०.०४. हरले तर ०.८² = ०.६४. गुण जितके कमी तितकं चांगलं; डोळे मिटून दरवेळी ०.५ म्हणणाऱ्याला ०.२५ पडतात. सरासरी त्याच्यावर गेली तर नाणं उडवलेलं बरं.

चुकतं ते दोन ठिकाणी. एक, 'बहुधा', 'नक्की', 'चुरस आहे' यांचे आकडे निकालाआधी ठरवून पहिल्या पानावर लिहा; निकालानंतर ठरवले की लाडका माणूस आपोआप पास होतो. दोन, 'शक्यता नाकारता येत नाही' हे भाकीतच नव्हे. त्याला गुण नाहीत, पण अशी वाक्यं किती ते वेगळं मोजा. माणसामागे ३० तरी भाकितं हवीत. मग चुकांची दिशा बघा: प्रत्येक चूक स्वतःच्या पक्षाला फायद्याचीच असेल, तर ते अज्ञान नाही.

मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांची भाकितं सुमारे दोन दशकं तपासली. माध्यमांत जास्त झळकणारे त्यात जास्त चुकणारे निघाले. पॅनेलवर 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्याला परत कोण बोलावणार!

पट्टीवाचक:
नावाखालची पट्टीही लिहून घ्या. प्रवक्ता 'प्रवक्ता' म्हणून आला तर फसवणूक नाही. तोच पुढच्या महिन्यात 'राजकीय विश्लेषक' झाला तर आहे. पैशाचा संबंध सांगितला का, हा स्वतंत्र रकाना ठेवा. २००५ मध्ये उघड झालं की आर्मस्ट्राँग विल्यम्स या अमेरिकी भाष्यकाराला सरकारी शिक्षण धोरणाची भलामण करायला २,४०,००० डॉलरचं कंत्राट होतं. त्याने धोरणाचं कौतुक केलं याला कोणाची हरकत नव्हती. कंत्राट लपवलं, ही हरकत होती.

मनातलं आणि पडद्यावरचं वेगळं आहे का, हे प्रेक्षकाला सहसा कळत नाही. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने अमेरिकेच्या फॉक्स न्यूज वाहिनीवर भरलेल्या खटल्यात कळलं: २०२० च्या निवडणुकीतल्या मतमोजणी घोटाळ्याचे दावे वाहिनीवर चालू असताना तिथलेच काही सूत्रसंचालक खासगी मेसेजमध्ये ते दावे धुडकावत होते. २०२३ मध्ये ७८.७५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. असे कागद वारंवार बाहेर येत नाहीत, म्हणून दुरुस्तीचा रकाना सगळ्यात कामाचा: चूक कबूल केली का, त्याच कार्यक्रमात की मध्यरात्री ट्विटरवर, आणि किती दिवसांनी.

कोरीवही:
आभार. पण शेरे मारणारा मीच. माझ्या कलाचं काय?

शून्य पूर्णांक:
रास्त शंका. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लेबनॉनमधल्या १९८२ च्या बैरुत हत्याकांडाच्या त्याच बातम्या इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक अशा दोघांना दाखवल्या. दोघांनाही त्या आपल्याविरुद्ध वाटल्या. तेव्हा वाक्यं टाइप करून पक्षांच्या जागी 'क' आणि 'ख' लिहा, विरुद्ध कलाच्या दोघांकडून वेगवेगळे शेरे घ्या. दहापैकी सात ठिकाणीही जुळले नाहीत, तर विश्लेषकाला सोडा, आधी निकषाची व्याख्या नीट करा.

कोरीवही:
विषयावरूनच पक्ष ओळखू येतो, त्याचं काय करू?

दुहेरी टाका:
पूर्ण झाकलं जात नाहीच. अशी वाक्यं वेगळ्या पानावर टाका आणि सरासरीत धरू नका.