दुकान बंद होतंय म्हणून लागलेला सेल: टीव्ही-फ्रिज घ्यावा का? मदत हवी आहे

भाड्याचं_घर:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

यंदा दिवाळीआधी आम्ही नाशिकमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला जातोय. आत्ताच्या घरातलं सामान बहुतेक घरमालकांचं, त्यामुळे टीव्ही, फ्रिज, गादी सगळं नव्यानं घ्यायचंय. बजेट एक लाख. नवऱ्याच्या मते ऐंशी हजार.

आमच्या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक्सचं एक मोठं दुकान आहे. मे महिन्यापासून त्यावर पिवळा फ्लेक्स लागलाय: ‘दुकान कायमचे बंद करणे आहे. संपूर्ण मालावर 20 ते 60% सूट. शेवटचे 7 दिवस.’ या सात दिवसांचा आता तिसरा महिना चालू आहे. पण शनिवारी पाऊस होता, आडोशाला म्हणून आत गेले आणि अडकले.

43 इंची टीव्ही, छापील किंमत 40,000, त्यावर लाल पेनानं काट मारून 32,000. डबल डोअर फ्रिज, 38,000 खोडून 27,500. वर सेल्समन हळूच म्हणाला, “मॅडम, बिल नको असेल तर टीव्हीवर अजून दोन हजार सोडतो.” शेजारी एक काका तोच फ्रिज उघडून बघत होते, त्या घाईत मी 2,000 रुपये ॲडव्हान्स देऊन आले. नवरा म्हणतो ते काका दुकानाचेच असणार. मला तसं वाटलं नाही, त्यांच्या हातात मेथीची जुडी होती.

तर, अशा सेलमध्ये खरंच पैसे वाचतात का? का नुसता वाचल्याचा आनंद? कुणी असं मोठं सामान घेतलंय का? आणि गादीही तिथूनच घेऊ का, 50% सूट म्हणतायत.

खडीसाखर:

ताई, बिल नको म्हणजे वॉरंटी नको. ते दोन हजार विसरा.

बाकी माझा अनुभव टीव्हीचा नाही, चादरींचा आहे. मंगल कार्यालयात तीन दिवस ‘कारखाना बंद, माल विकणे’ असा सेल होता. सहा चादरी आणल्या. पहिल्या धुण्यात निळा रंग ह्यांच्या बनियनला लागला तो आजतागायत आहे. चौथ्या दिवशी गेले तर कार्यालयात कुणाचं तरी केळवण चाललं होतं. त्यांनी प्रेमानं जेवायला बसवलं, चादरीवाल्याचा पत्ता मात्र कुणाला नव्हता. आणि मुळात सहा चादरी मला हव्या कुठे होत्या? दोन हव्या होत्या.

अधिक_उणे:

टीव्ही कोणत्या महिन्यात बनलाय ते बघितलंत का? खोक्यावर छापलेलं असतं. ते आणि छापील किंमत दोन्हींचा फोटो काढून आणा, मग बोलू.

तोवर एक गोष्ट. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पण टीव्ही-फ्रिजवर कंपनीनं मुळात किती किंमत छापावी, यावर बंधन नाही. म्हणून 40,000 ला काट मारलेली दिसली की ते 40,000 कधी कुणी मोजले होते का, हे आधी विचारायचं. तुलना काट मारलेल्या आकड्याशी करू नका. तोच मॉडेल नंबर आज दुसऱ्या दोन दुकानांत कितीला देतायत, त्याच्याशी करा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा हं. ऑनलाइन विकायचा आणि दुकानात विकायचा टीव्ही दिसायला एकच असतो, नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं असतं आणि आतले स्पीकर-पोर्टही कधी कधी वेगळे असतात.

एडिसनकर:

इकडे न्यू जर्सीत असे सेल जवळून पाहिलेत. इथे मोठी साखळी बुडाली की सेल दुकानदार चालवत नाही. माल संपवून देणारी वेगळी कंपनी येते आणि तिचा धंदाच तो. सुरुवातीला बोर्ड भडक पण सूट किरकोळ, कारण पहिल्या दोन आठवड्यांत लोक हावरटासारखे येतात. मग हळूहळू आकडा चढतो. 70-80% लागते तेव्हा उरतात फोटो फ्रेम आणि एका पायाचे मोजे. मधेच बाहेरचा मालही आणून भरतात, जो त्या दुकानात आधी कधी नव्हताच.

2023 च्या एप्रिलमध्ये ‘बेड बाथ अँड बियाँड’ या घरगुती सामानाच्या दुकानांच्या साखळीनं दिवाळखोरी जाहीर केली. त्यांची 20% ची निळी कूपनं इथल्या प्रत्येक देशी घराच्या ड्रॉवरमध्ये असायची, आमच्याकडे रबरबँड लावून गठ्ठा होता. बंद होण्याचा सेल सुरू झाला आणि कूपनं घेणं थांबलं. म्हणजे एखाद्या वस्तूवर सेलचे 10% लागले असतील तर ती आदल्या आठवड्यापेक्षा महागच पडली, आणि लोक रांगा लावून घेत होते. ‘जोॲन’ हे कापड-लोकरीचं दुकान 2025 मध्ये बंद झालं, तेव्हा गिफ्ट कार्डं फेब्रुवारीअखेरपर्यंतच चालली. ज्यांनी सूट वाढायची वाट पाहिली त्यांच्या कार्डाचा कागद झाला.

तुमच्याकडचं गणित वेगळं असेल. पण ॲडव्हान्स लवकर सोडवा, एवढं सांगतो. दुकान खरंच बंद होत असेल तर अडकलेला पैसा रांगेत शेवटी उभा राहतो.

गल्ल्यावरचा:

मी बोलू का? साताऱ्याकडे आमचं तीस वर्षं कपड्यांचं दुकान होतं. 2019 ला मी स्वतः बंद केलं. फ्लेक्स मीही लावला होता, खोटा नव्हता.

खरं दुकान बंद होतं तेव्हा काय होतं ते सांगतो. चालू माल, म्हणजे ब्रँडचे शर्ट वगैरे, सेलमध्ये येतच नाही. तो आधी डिस्ट्रिब्युटरला परत जातो किंवा ओळखीच्या दुकानदाराला खरेदीच्या भावात दिला जातो. कारण तो कुठेही खपतो, त्यावर नुकसान का सोसायचं? सेलमध्ये येतो तो पडून राहिलेला माल. माझ्याकडे 44 कमरेच्या पँटी होत्या आणि 2011 मध्ये एका पोराच्या हट्टापायी भरलेले चकचकीत ब्लेझर. त्यावर मी 60% लावली आणि मनापासून लावली. ज्यांची कंबर 44 होती त्यांचं खरंच भलं झालं.

दुसरं, बंद करणाऱ्याला घाई असते, ती जीएसटीमुळेही. नोंदणी रद्द करताना हातात जो माल शिल्लक, त्यावर आधी घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, परत भरावं लागतं. म्हणजे न विकलेला माल नुसता पडून राहत नाही, वर पैसे मागतो. त्यामुळे शेवटी मी उरलेलं सगळं लॉटवाल्याला दिलं. रुपयाला तीस पैसे पडले. तो टेम्पो गेला तेव्हा बायकोनं चहा ठेवला होता, पण कुणी प्यायलं नाही.

तर आता युक्ती. आत जा आणि टीव्ही बघू नका, रॅक बघा. काचेचं काउंटर, भिंतीचे रॅक, पंखे, गल्ला. शेठला विचारा, “हे रॅक कितीला देणार?” ज्याला खरंच बंद करायचंय त्यानं रॅकचा सौदा टीव्हीच्या आधी करून ठेवलेला असतो, किंवा लगेच आकडा तरी सांगतो. माझे रॅक पहिल्याच आठवड्यात एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठ्या चिकटवून राखून ठेवले होते. जो म्हणेल “ते विकायचे नाहीत”, तो कुठेही जात नाहीये.

भाड्याचं_घर:

काका, चहाचं वाचून कसंतरी झालं.

आज संध्याकाळी ऑफिसातून येताना गेले. टीव्हीच्या खोक्यावर 05/2025. फ्रिजवर 11/2024, आणि त्याच्या स्टार लेबलवर कसलातरी कालावधी लिहिलाय, तो संपलाय. तोच टीव्ही चौकातल्या दुकानात 30,500, घरी बसवून. फ्रिज तिथे 27,900, पण आमचा जुना कूलर घेऊन 800 कमी करतायत.

आणि रॅक. मी शेठना विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, “रॅक कशाला विकू? लागतील ना.” कशाला लागतील ते विचारल्यावर फोनवर बोलायला लागले. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

अधिक_उणे:

मे 2025 चा टीव्ही आहे ना, मग त्या 40,000 मध्ये 28% जीएसटी धरलेला आहे. 32 इंचांवरच्या टीव्हीचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18% झाला. 40,000 ला 1.28 नं भागा, 31,250 येतात. त्यावर 18% लावा, 36,875. म्हणजे दुकानदारानं स्वतःच्या खिशातला एक रुपया न सोडताही आज हा टीव्ही 36,875 चा आहे. 20% सूट म्हणून जे मिरवतायत त्यातले जवळपास 8% करकपातीचे. आणि चौकातला माणूस फ्लेक्स न लावता 30,500 ला देतोय.

फ्रिजला हे लागू नाही, तो आधीपासून 18% मध्येच होता. तिथे लेबल बघायचं. बीईई, म्हणजे वीजबचतीचे स्टार ठरवणारी सरकारी संस्था, स्टारचे निकष अधूनमधून कडक करते, फ्रिजचे जानेवारी 2023 मध्ये केले होते. कालावधी संपलेल्या लेबलवरचे चार स्टार आजच्या फ्रिजच्या चार स्टारांइतके असतीलच असं नाही. खाली वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो, तो चौकातल्या फ्रिजशी ताडून बघा. फ्रिज दहा-बारा वर्षं चोवीस तास चालतो. खरेदीत वाचलेले चारशे रुपये तो वीजबिलात कधी परत घेईल कळणारही नाही.

आणि घेतलातच तर सीरियल नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा. आधीच नोंदलेला निघाला तर तो डेमो पीस. तीन महिने दुकानात दिवसभर मासे पोहताना दाखवलेला टीव्ही नवा म्हणून घेऊ नका.

ॲडव्हान्सच्या पावतीवर जीएसटी नंबर आहे का?

भाड्याचं_घर:

आहे. 27 नं सुरू होतो.

अधिक_उणे:

27 म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. नंबर इथे टाकू नका. आजूबाजूला त्याच धंद्याचं नवीन दुकान उघडतंय का? तिथून एखादी बॅटरी किंवा एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि बिल मागा. दहा अक्षरं जुळली तर मालक एकच.

खडीसाखर:

काय डोकं आहे हो तुमचं! आमच्या भिशीत या एकदा.

भाड्याचं_घर:

मंडळी!! तीनशे पावलांवर, वळणावर, काचा लावून झालेलं एक नवं शोरूम आहे. नाव वेगळं, रंगही वेगळा, ‘भव्य शुभारंभ’चा बोर्ड. मी 120 रुपयांचा एक्स्टेंशन बोर्ड घेतला. दहाच्या दहा अक्षरं तीच. नवऱ्यानं स्वतः दोन्ही कागद खिडकीवर धरून एकावर एक ठेवून बघितले, जणू नोट तपासतोय.

मग ॲडव्हान्स मागायला गेलो. पावतीच्या मागे शिक्का, ‘दिलेली रक्कम परत मिळणार नाही, विकलेला माल बदलून मिळणार नाही’. काय करायचं?

वाटसरू:

इतके दिवस नुसता वाचत होतो. ग्राहक न्यायालयात थोडंफार काम केलंय म्हणून लिहितो.

शिक्का मारला म्हणून कायदा मिटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल परत न घेणं किंवा बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला 30 दिवस. तुम्ही माल घेतलेलाच नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा वेगळा: दुकान बंद होतंय या खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिलेत. फ्लेक्सचा फोटो तारखेसकट काढून ठेवा, नव्या दुकानाच्या बोर्डाचाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लागतोच असंही नाही.

पण त्याआधी एकदा शांतपणे जाऊन दोन्ही बिलं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवा. आवाज चढवू नका.

भाड्याचं_घर:

अपडेट. तस्संच केलं. दोन्ही कागद ठेवले, 1915 चं नाव काढलं. शेठ म्हणाले, “अहो ताई, तुम्ही घरच्याच.” 2,000 परत, रोख, वर पेढा. पेढा मी घेतला.

टीव्ही-फ्रिज चौकातून घेतोय, फ्रिज याच वर्षीच्या लेबलचा. फ्लेक्स अजून तिथेच आहे, आता ‘शेवटचे 3 दिवस’ झालेत. आणि ते मेथीवाले काका आज पुन्हा दिसले, टीव्हीसमोर. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

गादीचं मात्र कुणीच सांगितलं नाहीत!

गल्ल्यावरचा:

गादीच्या छापील किमतीवर तर मी आयुष्यात विश्वास ठेवला नाही. माहेरी किंवा सासरी जुनी कापसाची गादी आहे का पोरी? असली तर पिंजारी शोध, कापूस पिंजून नवी खोळ घालून घे. नसली तर दुकानात जाऊन चपला काढून दहा मिनिटं आडवी हो, सेल्समन काय म्हणेल ते म्हणो.