अनुभव धागा : चुडतांची (माडाच्या झावळ्यांची), करडाची (गवताची) छपरं आणि मातीच्या भिंती

गोव्यातल्या जुन्या घरांचा विषय निघाला की बोलणं बलकांव (दारापुढचा बसायचा ओटा), राजांगण (घरामधलं अंगण) आणि शिंपल्यांच्या खिडक्यांपाशीच घुटमळतं. शाकारलेल्या घरांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. ज्यांना छप्पर, भिंत, वासे यांची नीट माहिती आहे त्यांनी इथे लिहा. आठवणी नकोत, काय, किती, कसं आणि कुठे चुकतं ते हवं.

खाजनकाठ (सासष्टी)

चुडतांपासून सुरुवात करतो. चुडत दांड्यावरून मधोमध उभं चिरायचं, म्हणजे दोन भाग होतात आणि एका भागाचं एक मल्ल (झाप) विणता येतं. विणण्याआधी दोन-चार दिवस पाण्यात भिजत घालायचं. खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं) मचूळ पाणी असेल तर उत्तम, कीड उशिरा लागते. कोरडं चुडत विणायला घेतलं तर पात्या दुमडताना तडकतात आणि नेमकं तिथूनच पुढे गळतं.

हिशेब सोपा आहे. मल्ल साधारण 5 फूट लांब आणि 2 फूट रुंद. वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे चढत जायचं आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा 6 इंचच वर सरकवायची. म्हणजे छपरावर कुठेही बोट ठेवलं तरी खाली चार थर मिळतात. 100 चौरस फुटांना 40 मल्लां, आढ्याची वेगळी. मल्लां वाचवायला ओळी 9 इंचांवर नेल्या की श्रावणापर्यंत घरात पातेली मांडायची वेळ येते. दांडा वरच्या बाजूला रिपेला (वाशांवरच्या आडव्या पट्टीला) बांधायचा, पात्या खाली लोंबल्या पाहिजेत. उलटं बांधलं तर दांड्याशी पाणी अडतं आणि तिथेच कुजायला लागतं.

बांधायला सुंभच वापरा. तार वाऱ्याने हलून बांबू कापते, वर गंजते.

सत्तरीकर

आमच्या बाजूला माड कमी, त्यामुळे करड. पावसाळा संपून गवत पिवळं पडलं की कापायचं. हिरवं कापलेलं पेंढीतच तापतं, बुरशी धरतं. पेंढ्या बुंध्याकडून बांधायच्या, शेंडा वळचणीकडे.

गवताला उतार हवाच. घर 12 फूट रुंद असेल तर आढं भिंतीच्या माथ्यापासून 6 फूट वर घ्या, म्हणजे पाखं (छपराची एक उतरती बाजू) 45 अंशांत उतरतं. यापेक्षा सपाट केलं की पाणी गवतावरून ओघळण्याऐवजी आत मुरतं. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. दोन सरींच्या मध्ये छप्पर सुकलं नाही तर दुसऱ्या वर्षी हातात काळा भुगा येतो.

भाताचं तण (पेंढा) स्वस्त पडतं, पण एका पावसाचंच. कोरगुटासारख्या उंच जुन्या भाताचं तण शाकारायला बरं होतं. आताच्या बुटक्या जाती आणि त्यात यंत्राने मळलेलं चुरडलेलं तण गुरांनाच घाला. झोडपणी नीट झाली नाही तर राहिलेल्या दाण्यांपायी उंदीर छप्पर पोखरतात, ते वेगळंच.

मेस्त

छपराइतकीच भिंत महत्त्वाची, ती कोणी विचारत नाही. जोतं चिऱ्याचं, निदान दीड-दोन फूट, कारण पागोळ्यांचं पाणी आपटून उडतं ते तेवढ्या उंचीवर. त्यावर मातीची भिंत, दीड फूट जाड, थराथराने. एक थर दीड फुटांहून उंच नको. तो सुकून टणक झाल्याशिवाय पुढचा चढवला की खालचा फुगतो आणि भिंत पोट काढते.

माती रोयणीची (वारुळाची) मिळाली तर दुसरं काही नको, चिकटपणा मुळातच असतो. मात्र जिथे रोयण सातेरी देवी म्हणून पूजली जाते तिथे कुदळ लावायची नाही, हे सांगायची गरज नसावी. नुसती चिकणमाती सुकताना भेगाळते, म्हणून तिच्यात भाताचा कोंडा किंवा तण कापून मिसळायचं आणि तुडवून रात्रभर मुरू द्यायचं.

मृगाआधी पावसाच्या तोंडच्या भिंतींना बाहेरून मल्लां बांधायची. भिंतीला सिमेंटचा गिलावा मारणं हा सध्याचा सगळ्यात वाईट उद्योग. ओल आत कोंडते, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि मागची माती तोवर चिखल झालेली असते.

सत्तरीकर

मेस्त, गिलाव्याचं शंभर टक्के खरं. एक जोड: गॅस आल्यापासून छपरं लवकर जातात. चुलीचा धूर रोज पाख्यांतून बाहेर पडायचा. त्याने गवत सुकं राहायचं आणि बांबूला भुंगा लागत नसे. घरात चूल नसेल तर पावसात आठवड्यातून दोनदा तरी धुरी करा.

वासेकरी (केपें)

धुरीवरच सगळा भार टाकू नका. बांबू कोवळा तोडला तर धूर कितीही द्या, भुंगा लागणारच. तीन वर्षांपुढचा, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्यावा आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. आतला गोडवा निघून गेला की किड्याला खायला काही उरत नाही.

आणि कौलांबद्दल. मंगळूरचा बासेल मिशनचा कारखाना 1865चा. तिथली कौलं गलबतांनी किनाऱ्याने येऊ लागली आणि ऐपत आली तसतसं एकेक घर कौलारू होत गेलं. त्याआधी कुंभारी नळे (अर्धगोल कौलं) होते, पण तेही सगळ्यांना परवडत नसत. आज जुन्या गवती घरावर तीच कौलं चढवायची असतील तर आधी वजन बघा. एक कौल सव्वादोन-अडीच किलो, चौरस मीटरला पंधराएक लागतात, म्हणजे 35 किलोंच्या आसपास. बांबूचे वासे त्याखाली वाकतात आणि मग भिंतीला बाहेर रेटतात. वासे किंदळ किंवा माटी या झाडांच्या लाकडाचे घाला, भिंतीच्या माथ्यावर सलग लाकडी पाट टाका, मगच कौलं. पाट नसेल तर वाशाचा भार एकाच जागी मातीत रुततो आणि त्याच जागी उभी चीर जाते.

खाजनकाठ

आढ्याचं राहिलं. दोन्ही पाखी जिथे भेटतात तिथे मल्लां आडवी घालून भागत नाही. मधोमध दुमडून दोन्हीकडे सारखी उतरवा, वर दोन्ही अंगांना बांबू ठेवून आरपार बांधा. गळती दहातल्या आठ वेळा तिथेच असते, आणि लोक खालच्या ओळी उसवत बसतात.