सेन्सरचा कोड आला की सेन्सरच बदलायचा का?

लूमवाला:
आफ्टरमार्केट ईसीयूच्या (बाहेरून घेऊन बसवलेल्या इंजिन कंप्युटरच्या) गाडीत 'थ्रॉटल सेन्सर व्होल्टेज कमी' असा बिघाडाचा कोड दिसला की लोक लगेच नवा सेन्सर मागवतात. अहो, ईसीयूला सेन्सर दिसतच नाही, त्याला दिसतं फक्त स्वतःच्या पिनवरचं व्होल्टेज. मध्ये वायरी, कनेक्टर आणि अर्थ (बॅटरी निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) आहेत, त्यांचं काय? आधी मीटर, मग पाना.
परवा एका गाडीत थ्रॉटल आणि मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर), दोन्ही कोड एकदम आले. सेन्सरांची सामायिक 5 व्होल्टची सप्लाय लाइन मोजली तर 3.1. एकेक सॉकेट काढत गेलो. ऑइल प्रेशर सेन्सरचं काढलं आणि लाइन झटक्यात 5 वर आली. आतून शॉर्ट होता. ज्यांचे कोड होते ते दोन्ही सेन्सर ठणठणीत!

पानाबहाद्दर:
म्हणजे शेवटी बदललात तो सेन्सरच ना? 😄
खात्रीचा सेन्सर हाताशी असेल तर लावून बघायला पाच मिनिटं लागतात. तुमचे मीटरवाले वायरीत सुया टोचतात, वर्षभरानं तिथूनच ओल शिरते आणि वायर आतून हिरवी पडते. असे लूम (वायरींचे जुडगे) मी कितीतरी उघडलेत.

लूमवाला:
सुया टोचणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. कनेक्टरच्या मागच्या बाजूनं प्रोब सरकवता येतो. कूलंट टेंपरेचरला तर तेही नको. सॉकेट काढा, लॉगमध्ये (ईसीयूनं नोंदवलेल्या आकड्यांत) 5 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मग सॉकेटच्या दोन्ही पिना तारेनं जोडा, शून्याजवळ यायला हवं. दोन्ही आलं तर वायर आणि ईसीयू बरे, आता खुशाल सेन्सरवर संशय घ्या.
आणि तुमच्या पाच मिनिटांत अर्थ कोण तपासणार? इंजिन चालू, फॅन आणि हेडलाइट चालू ठेवून सेन्सरचा अर्थ आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात मोजा. 50 मिलिव्होल्टच्या वर गेलं तर मला झोप येत नाही. कित्येकांनी सेन्सरचा अर्थ ईसीयूला न नेता सरळ बॉडीला बोल्ट केलेला असतो.

मॅपकर:
कोड आला तर नशीब म्हणा. वाइडबँडच्या (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरच्या) आउटपुटला 0 ते 5 व्होल्ट म्हणजे 10 ते 20 एअर-फ्युएल अशी स्केल धरा. अर्थमध्ये 0.1 व्होल्टचा फरक पडला की 0.2 ची चूक, आणि कोड बिड काही नाही. तुम्ही त्याच चुकीच्या आकड्यावर ट्यूनिंग करत बसता.
कोडच्या मर्यादाही, म्हणजे किती व्होल्टला कोड यायचा ते, कुणीतरी हातानंच भरलेल्या असतात. लूमवाले, तुमच्या ऑइल प्रेशरचा कोड का नाही आला? सेटिंगमध्ये त्याची मर्यादाच बंद असणार, पैज लावतो.

लूमवाला:
बंदच होती. जिंकलात.

स्कोपप्रेमी:
मीटर सरासरी दाखवतो. कनेक्टर सैल असेल तर क्षणभर सिग्नल तुटतो आणि मीटरवर 5.0 चं 5.0 च राहतं. स्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) नसेल तर लॉगिंगचा वेग वाढवा आणि लूम हलवत बघा.

मॅपकर:
अजून एक सापळा. नवा ईसीयू जुन्याच्या जोडीनं बसवला आणि दोघांनी एकच कूलंट सेन्सर वाचला, तर दोघांचे पुल-अप रेझिस्टर (सिग्नलच्या वायरला आतून 5 व्होल्टशी जोडणारे) समांतर येतात. सेन्सर 20 अंशाला 2.5 किलोओहमचा आणि प्रत्येक पुल-अपही साधारण तेवढाच असेल, तर 2.5 ऐवजी सुमारे 3.3 व्होल्ट येतात. ईसीयूला वाटतं 4 अंश. मग तो पेट्रोल ओततच राहतो. सेन्सर चांगला, वायर चांगली, अर्थ चांगला. मीटरवाल्यांनी आणि पानेवाल्यांनी मिळून शोधा आता.

पानाबहाद्दर:
थांबा थांबा. जुना ईसीयू काढलेलाच नाही, कूलंटची वायर दोघांत वाटून दिलीय, आणि सकाळी सुरू करताच गाडी पेट्रोलचा वास मारते. अशी एक गाडी आत्ता माझ्यासमोर उभी आहे.
दोन सेन्सर बदलून झालेत. हसू नका.