मेलेन्देसला बापाच्या भांडणाने बुडवलं की अकादमीने?

चित्रवेडा:
लुइस मेलेन्देस गेले काही दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढतोय. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी, जन्म १७१६, नेपल्स, पण वाढला माद्रिदमधे, आणि माझ्या मते अठराव्या शतकातल्या स्पेनमधे स्थिरचित्रात, म्हणजे फळं-भांडी मांडून काढलेल्या चित्रात, त्याच्या जवळपास कोणी नाही. बाप फ्रान्सिस्को मिनिएचरवाला, म्हणजे अगदी छोटी चित्रं काढणारा, त्यानेच १७२६ ला राजाकडे अर्ज केला होता की आपल्याकडे चित्रकलेची अकादमी पाहिजे. तिची तयारी १७४४ ला सुरू झाली, बाप शिकवायला आणि पोरगा पहिल्या विद्यार्थ्यांत. सगळं जुळून आलं होतं! मग बापाने काय केलं, तर श्रेय मला दिलं नाही म्हणून अकादमीवाल्यांवर जाहीर टीका केली, आणि १७४८ ला अकादमीने पोराला बाहेर काढलं. पुढे १७६० आणि १७७२ ला त्याने दरबारी चित्रकाराच्या जागेसाठी अर्ज केले, दोन्ही वेळा नकार. १७८० ला स्वतःला कंगाल जाहीर करून त्याच वर्षी गेला. बापाच्या रागाची किंमत पोराने तीस वर्षं मोजली, मला तरी हेच दिसतं.

खडूपेन्सिल:
अजिबात पटलं नाही. चिडला बाप, पण पोराला हाकलायची सही कोणाची? अकादमीचीच ना. आणि त्याच्यात काही कमी होतं असंही नाही, पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातलं १७४६ चं त्याचं सेल्फ पोर्ट्रेट बघा, एका हातात खडू, दुसऱ्या हातात उघड्या पुरुषदेहाचं ड्रॉइंग, आपल्याकडे वळवून धरलेलं. मला मनुष्याकृती येते हे तो छातीठोक सांगतोय. त्या काळी इतिहासाची आणि देवाधर्माची चित्रं सगळ्यात वर, फळंभाज्या सगळ्यात खाली. वरच्या कामांचा रस्ता अकादमीतून जायचा, तोच बंद केला. आणि दरबारात मोठी कामं कोणाला, तर बाहेरच्या देशांतून आणलेल्या चित्रकारांना, जाक्विंतो, तिएपोलो, मेंग्सना.

साधासरळ:
मग स्पेनचाच मोठा चित्रकार गोया, त्याचं काय? त्यालाही १७६३ आणि १७६६ ला अकादमीच्या स्पर्धेत काही मिळालं नाही. तरी १७८९ ला दरबारी चित्रकार झालाच. म्हणजे दार कायमचं बंद नव्हतं, टिकून राहायला लागतं, जुळवून घ्यायला लागतं. मेलेन्देसला ते जमलं नाही.

खडूपेन्सिल:
गोयाचं लग्न १७७३ ला होसेफा बायेउशी झालं, म्हणजे दरबारात वजन असलेला चित्रकार फ्रान्सिस्को बायेउ त्याचा मेहुणा. मेलेन्देसला असं कोण होतं ते सांगा आधी, मग जुळवून घेण्याबद्दल बोलू.

इंटरमिजिएटवाली:
मी मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी स्थिरचित्र शिकवते, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने लिहिते. त्याचं सामन माशाचं चित्र आहे, १७७२ चं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. माशाचा कापलेला तुकडा, शेजारी लिंबू, मागे भांडी, बस्स. पण तो बघतो किती खालून आणि किती जवळून! टेबलाची कड जवळपास डोळ्यांसमोर येते, लाकडावरचे खाचखळगे दिसतात, तांब्याच्या भांड्यावरचा उजेड आणि माशाच्या कापाचा ओलसरपणा हे दोन्ही चकाकतात पण वेगवेगळे चकाकतात. माझी मुलं सगळीकडे एकच पांढरा ठिपका मारून मोकळी होतात, म्हणून मी हेच चित्र मोठं करून दाखवते. तीच भांडी त्याच्या एका चित्रातून दुसऱ्या चित्रात परत परत येतात, आपल्या घरातला तांब्या ओळखावा तशी ती ओळखता येतात. मला मनापासून वाटतं की अकादमीत राहिला असता तर छतांवर ढगातले देव रंगवत बसला असता आणि हे आपल्याला मिळालं नसतं.

चित्रवेडा:
ताई, चित्राबद्दल लाख बोललात पण शेवटचं वाक्य मला लागलं. हाकललं म्हणून बरं झालं असं कसं म्हणायचं? युवराजासाठी, म्हणजे पुढे चौथा कार्लोस झाला त्याच्यासाठी, त्याच्या निसर्गसंग्रहाच्या दालनात लावायला ह्याने चाळीसहून जास्त चित्रं केली, स्पेनच्या मातीत जे जे खायला पिकतं ते सगळं दाखवायचं होतं त्याला. आणि त्याच काळातल्या अर्जात लिहितो की ब्रशशिवाय माझ्याकडे काही नाही. १७७६ ला पैशांवरून बिनसलं आणि ते कामही थांबलं.

इंटरमिजिएटवाली:
ते वाक्य मागे घेते. गरिबीने चित्र चांगलं होतं असं मला म्हणायचं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तसंच वाटणार. मात्र फळंभाज्या म्हणजे खालच्या दर्जाचं काम हे मी ऐकून घेणार नाही, त्याच्या चित्रातला पाव काढून बघा एकदा, वरची कडक साल आणि त्यावरचं पीठ.

खडूपेन्सिल:
खालचा दर्जा मी नाही दिला, अकादमीने दिला. माझं भांडण तिच्याशीच आहे.

साधासरळ:
ठीक आहे, मेहुण्याचा मुद्दा मान्य. पण बाप सुटत नाही. शिकणाऱ्या मुलाचं सगळं भविष्य त्याच जागेत आहे हे दिसत असताना जाहीर भांडण काढलं, आणि ते ऐन तिशीतल्या पोराच्या अंगावर आलं.