सोलापुरात गाड्यांच्या नंबरावरून सम-विषम लागू करता येईल का?

नवीपेठकर:
नवी पेठेत माझे कापडाचे दुकान आहे. संध्याकाळी सहानंतर मेकॅनिक चौकाकडून पेठेत शिरणे इतके अवघड होते, की लग्नाच्या बस्त्यासाठी अक्कलकोट, मोहोळकडून आलेली मंडळी गाडी कुठेतरी लांब लावून, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून दुकानापर्यंत चालत येतात. काही जण तर गर्दी पाहून माघारी फिरल्याचे नंतर फोनवर सांगतात. दिल्लीत १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात सम तारखेला सम आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्या मोटारी, असा नियम केला होता. आपल्याकडे तो सगळ्या शहराला नको, पण पेठेपुरता, सायंकाळी पाच ते नऊ या वेळेत असावा, असे निवेदन द्यायचे आमच्यापैकी काही व्यापाऱ्यांच्या मनात आहे. त्यावर सही करण्यापूर्वी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कायद्याने हे करता येते का, आणि अशा नियमाने गर्दी खरोखर हटते का?

होटगी रोड:
कायद्याची अडचण नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी ठराविक रस्त्यावर ठराविक वाहनांना बंदी घालता येते, आणि दिल्लीने त्याच कलमाचा आधार घेतला होता. तेथे दंड २०१६ मध्ये दोन हजार रुपये होता, नोव्हेंबर २०१९ च्या फेरीत तो चार हजार झाला.

खरी अडचण पुढेच आहे. दिल्लीने दुचाकींना वगळले होते, कारण एवढ्या लोकांना एका दिवसात बसमध्ये किंवा मेट्रोमध्ये सामावून घेणे शक्य नव्हते. आता आपल्या पेठेतला रस्ता डोळ्यांसमोर आणा. तेथे मोटारींपेक्षा दुचाकी कितीतरी अधिक असतात. दुचाकींना वगळले, तर निम्म्या मोटारी थांबवूनही रस्ता जवळजवळ तसाच भरलेला राहील. आणि त्यांना नियमात घेतले, तर यंत्रमागाच्या पाळीवर जाणारा कामगार, दुकानातला नोकर, शिकवणीला जाणारी मुले यांनी एक दिवसाआड कशाने जायचे, याचे उत्तर आधी तयार असावे लागेल. दिल्लीत मेट्रो होती, आपल्याकडे परिवहनाच्या मोजक्या बस आहेत. माझ्या मते सगळा प्रश्न येथेच अडतो. निवेदनात पहिली मागणी बस वाढवण्याची नसेल, तर मी तरी त्यावर सही करणार नाही.

शिवाय आपले शहर सीमेवरचे आहे. पेठेत एमएच १३ इतक्याच सहजपणे विजयपूरची केए २८, कलबुर्गीची केए ३२ आणि धाराशिवची एमएच २५ दिसते. दवाखान्यासाठी सकाळी निघालेल्या माणसाला आजची तारीख आणि आपल्या नंबराचा शेवटचा आकडा जुळतो का, हे येथे पोहोचल्यावर चौकात कळणार असेल, तर तो अन्याय होईल.

जुनी मिल:
मेक्सिको सिटीचा अनुभव येथे नोंदवणे आवश्यक वाटते. तेथे २० नोव्हेंबर १९८९ पासून क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार प्रत्येक गाडीला आठवड्यातून एक दिवस बंदी घातली गेली. अर्थशास्त्रज्ञ लुकास डेव्हिस यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवा सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट शहरातील गाड्यांची संख्या वाढल्याचे दिसले, आणि त्यात जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांचा भरणा होता. लोकांनी वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी ठेवली. आपल्याकडे जुनी दुचाकी त्याहून कितीतरी सहज मिळते. दिल्लीचे प्रयोग पंधरवड्यापुरते होते, त्यामुळे एवढ्यासाठी कोणी दुसरी गाडी घ्यायला गेले नसेल. कायमचा नियम ही निराळी गोष्ट आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी मार्ग बदलतात आणि सारे गाव ते आनंदाने मानते, कारण त्याचे दिवस ठरलेले असतात.

सावित्री:
नवीपेठकर दादा, मी बाळीवेशीत राहते आणि एका दवाखान्यात दुपारपाळीला असते. घरात एकच स्कूटी आहे. रात्री सुटल्यावर सिटी बस मिळत नाही आणि रिक्षाचे रोजचे भाडे पगारातून निघत नाही. दिल्लीत २०१६ साली एकट्या महिला चालकांना मोटारीसाठी सूट दिली होती. पण सूट देत गेले तर नियम उरत नाही, आणि दिली नाही तर माझ्यासारखीने काय करायचे? माझे म्हणणे असे की पेठेत अडथळा चालणाऱ्या गाड्यांपेक्षा उभ्या गाड्यांचा अधिक आहे. दोन्ही बाजूंना दुचाकींच्या रांगा आणि त्यांच्यापुढे हातगाडे असले, की मधून एक रिक्षा जेमतेम निघते. सम-विषम करायचेच असेल तर ते उभ्या गाड्यांसाठी करा: एका तारखेला एक बाजू, दुसऱ्या तारखेला दुसरी. पुण्यात पी-१ आणि पी-२ चे फलक त्यासाठीच असतात.

नवीपेठकर:
सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे म्हणणे मला पटले, आणि ते मान्य करताना हेही सांगितले पाहिजे की त्या रांगांमध्ये आमच्या दुकानांतील नोकरांच्या आणि मालकांच्या गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात. त्या गाड्या पेठेबाहेर लावण्याची सुरुवात आम्हालाच करावी लागेल. निवेदनातून नंबराची मागणी काढून टाकतो आणि दोन मागण्या ठेवतो: तारखेप्रमाणे एका बाजूचे पार्किंग, आणि रात्री साडेनऊपर्यंत सिटी बस. मालाचा टेम्पो सकाळी दहाच्या आत रिकामा करण्याचे बंधन आम्ही स्वतःवर घालून घ्यावे का, हे मात्र अजून ठरत नाही, कारण बाहेरगावचा माल बऱ्याचदा दुपारी येतो. चाटी गल्लीतील कोणी येथे वाचत असेल, तर त्यांच्याकडे माल उतरवण्याची वेळ कशी ठरली आहे, ते कृपया सांगावे.